हाताचं बटण आणि आपोआपचं बटण



गेल्या चातुर्मासात आमच्या स्वाध्याय मंडळात एकीनं प्रश्न काढला. तिच्या मुलानं जिन्यात नव्या पद्धतीचा दिवा बसवला आहे. माणूस आलं की आपोआप लागतो, गेलं की थोड्या वेळानं विझतो. तिचा नियम असा, की पहाटेचं सामायिक होईपर्यंत विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. आता ती अंधारात जिना उतरते आणि दिवा लागतो. ती म्हणाली, "मी तर हात लावला नाही. मग तो दिवा कुणी लावला?"

कुणी म्हणालं, तू नाहीस, यंत्रानं लावला. कुणी म्हणालं, जिना उतरलीस म्हणजे तूच लावलास. वीज ही अग्निकाय जीवांत धरायची की नाही, यावर मुनिमहाराजांत आणि पंडितांत मतं वेगवेगळी आहेत, त्यात मी पडत नाही. पण बटण कोण दाबतं हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या आयुष्यात या प्रश्नानं एकदा फार त्रास दिला आहे. म्हणून आज बटणाचा इतिहास लिहायला बसले. मी बी.कॉम. झालेली बाई, इंजिनियर नाही. पण चाळीस वर्षं घर आणि कारखान्याचा हिशेब सांभाळताना जे कळलं ते सांगते.

मी १९८१ साली लग्न होऊन सोलापुरात आले. सासरचा वाडा जुना. भिंतीवरून लाकडी पट्टी गेलेली, तिच्यात कापड गुंडाळलेली वायर, आणि लाकडी बोर्डावर काळी गोल बटणं. खाली केलं की चालू, वर केलं की बंद. ही इंग्रजांची पद्धत आपल्याकडे राहिली, अमेरिकेत नेमकी उलटी आहे. श्राविकाश्रमात शिकलेल्या माझ्या सासूबाई ओला हात पदराला पुसल्याशिवाय बटणाकडे जात नसत. दिवस मावळायच्या आत जेवणं झालेली असत. मागची आवराआवर झाली की त्या घरभर फिरून एकेक बटण वर करत, आणि प्रत्येक वेळी तो 'टक्' आवाज येई.

त्या 'टक्'चाही इतिहास आहे. विजेचे दिवे नवे होते तेव्हा बटण सावकाश बंद केलं तर आतल्या दोन पत्र्यांमध्ये ठिणगीचा पट्टा ओढला जायचा. पत्रे जळायचे, कधी आगही लागायची. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स या क्वेकर पंथाच्या इंजिनियरनं १८८४ साली यावर तोड काढली. त्यानं बटणात स्प्रिंग घातली. माणसानं कितीही हळू दाबलं तरी एका टप्प्यानंतर स्प्रिंगच पत्रा झटक्यानं मागे खेचते. ठिणगी पसरायला वेळच मिळत नाही. आज आपल्या स्वयंपाकघरातलं साधं बटणसुद्धा त्याच कल्पनेवर चालतं. म्हणजे ज्याला आपण हाताचं बटण म्हणतो, त्यातही शेवटचं काम हात करत नाही, स्प्रिंग करते. हात फक्त ठरवतो.

दुसरी गोष्ट फ्यूजची. पांढऱ्या चिनी मातीचे ते गट्टू तुम्हाला आठवत असतील. आत बारीक तार. जास्त वीज ओढली गेली की तार वितळते आणि रस्ता तुटतो. हे घरातलं पहिलं आपोआप चालणारं बटण. फक्त ते एकदाच चालतं, मग नवी तार घालावी लागते. आणि खरी गडबड तिथेच होते. लग्नाला दोन वर्षं झाली असतील. पाहुणे आलेले, शेगडी आणि इस्त्री एकदम लावली, फ्यूज उडाला. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. मी कंटाळून तांब्याची जाड तार पिळून बसवली. मग फ्यूज उडाला नाही. रात्री पट्टीतून जळका वास आला. सासूबाईंनी मेन स्विच खाली ओढला म्हणून वाडा वाचला. त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रखवालदाराचे डोळे बांधलेस आणि म्हणालीस, चोर आला नाही."

आता गट्टू गेले, एमसीबी आले. जर्मनीतल्या मानहाइम शहरातल्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीनं १९२४ साली याचं पेटंट घेतलं. त्यात दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी. वीज थोडी जास्त आणि बराच वेळ वाहिली की ती तापून वाकते आणि बटण पाडते. दुसरा विद्युतचुंबक. तारेला तार चिकटली की तो क्षणात खटका ओढतो. तार बदलायची गरज नाही, कारण काढायचं आणि बटण वर करायचं.

पण मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. एमसीबी तारांना वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवणारं बटण वेगळं. त्याला आपल्याकडे सरसकट ईएलसीबी म्हणतात, आताच्या प्रकाराला आरसीसीबी. त्याचं काम मला फार आवडतं, कारण ते चक्क जमाखर्च लिहितं. एका तारेनं जेवढी वीज घरात गेली, तेवढीच दुसऱ्या तारेनं परत आली पाहिजे. तीस मिलीअँपियर, म्हणजे एका अँपियरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट एवढाच फरक आला, तर ते समजतं की उरलेली वीज कुठून तरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चालली आहे. पलक लवायच्या आत दुकान बंद! आमच्याकडे मध्यंतरी गीझर लावला की हे बटण पडायचं. वायरमन म्हणाला, "काकू, हे फार नाजूक असतंय, डायरेक्ट करून देतो." मला जाड तार आठवली. मी नको म्हटलं आणि गीझर उघडायला लावला. आतली कांडी फुटली होती, वीज पाण्यात उतरत होती. नातीची आंघोळ त्याच पाण्यानं व्हायची. ईएलसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहा. पडलं पाहिजे. पडलं नाही तर ते नुसतं भिंतीवर टांगलेलं आहे असं समजा.

आता कारखान्याकडे वळते. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, वाफेच्या इंजिनावर. तिच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चाले. पुढे मोठ्या गिरण्या थकल्या आणि चादर-टॉवेलचे यंत्रमाग घराघरात आले. आमच्या यांचा आठ मागांचा छोटा कारखाना होता. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. दिवसातून कितीदा तरी लाइट जायची. मग जनरेटर घेतला आणि त्याबरोबर भिंतीवर एक मोठा लोखंडी हँडल आला, चेंजओव्हर. वर ओढला की बोर्डाची वीज, खाली ओढला की जनरेटरची, मध्ये ठेवला की दोन्ही बंद.

मला तेव्हा वाटायचं, एवढा जड हँडल कशाला? जनरेटरची वायर सरळ जोडली तर काय बिघडतं? आमच्याकडच्या म्हाताऱ्या जॉबरनं मला समजावलं. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो. पण तो उलटाही चालतो. आपण जनरेटरची वीज लाइनीत सोडली तर तो तिचे पुन्हा अकरा हजार करतो. लाइट गेली म्हणून खांबावर चढलेला वायरमन समजतो की तार मेलेली आहे. तो हँडल जड आहे कारण त्याची रचनाच अशी आहे, की दोन्हीकडे एकदम जोडताच येत नाही. एक सोडल्याशिवाय दुसरं धरता येत नाही. ज्याला आपण कधी पाहिलं नाही अशा माणसाचा जीव त्या हँडलमध्ये आहे, हे मी तेव्हा शिकले. आता मोठ्या दवाखान्यांत, सोसायट्यांत हेच काम आपोआप होतं. लाइट गेली की जनरेटर स्वतः सुरू होतो, काही सेकंदांत भार तिकडे जातो, लाइट आली की परत. घरातला इन्व्हर्टर तर त्याहून चपळ. पण आतला नियम तोच ठेवावा लागतो, एक सोडल्याशिवाय दुसरं धरायचं नाही.

आता मूळ गोष्टीवर येते, जी लिहायला मला जड जातंय.

माझं माहेर मोहोळ तालुक्यात. उजनीचं धरण १९८० च्या सुमारास झालं, कालव्यानं पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि विहिरी-विहिरींवर मोटारी बसल्या. पण शेतीची थ्री फेज वीज पाळीनं मिळायची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत वीज कधी बाराला, कधी दोनला. दादा बॅटरी आणि काठी घेऊन रानात जायचा, पेटीतलं हिरवं बटण दाबायचा, आणि वीज गेली की पुन्हा जायचा. एका पावसाळ्यात त्याच्या गड्याला मोटारीच्या पेटीजवळ मण्यार चावली. आठ दिवस दवाखान्यात काढून तो वाचला. त्यानंतर वहिनी रात्र रात्र जागी बसायची.

तेव्हा ऑटोस्विच निघाला होता. स्टार्टरच्या पेटीत एक छोटा डबा बसवायचा. वीज आली की तो स्वतः मोटार सुरू करतो. दादा पैशाला मागेपुढे बघत होता. राखीपौर्णिमेला मी माहेरी गेले आणि ओवाळणी घेण्याऐवजी त्याच्या हातावर पैसे ठेवले. म्हटलं, "दादा, यंदा मला तू घरात झोपलेला पाहिजेस." त्यानं बसवला. वहिनी झोपायला लागली. माझ्या मनाला फार बरं वाटलं.

दादाचं पाहून डीपीवरच्या इतरांनीही बसवले. एका डीपीवर बारा मोटारी, त्यांतल्या अकरांवर ऑटोस्विच. बारावी एका विधवा बाईंची. त्यांच्याकडे दीड एकर कांदा होता आणि डब्याला पैसे नव्हते. त्या मुलाला बरोबर घेऊन रात्री चालत जायच्या.

आता हिशेब बघा. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालू असताना साधारण सात-साडेसात अँपियर वीज घेते. पण सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट घेते, कारण उभं चाक फिरवायला जोर लागतो. शंभर केव्हीएच्या डीपीची ताकद एका फेजला सुमारे एकशे तेहतीस अँपियर. बारा मोटारी चालू असल्या तर नव्वद, म्हणजे आरामात. पूर्वी वीज आली की एकजण पाच मिनिटांनी पोचायचा, दुसरा वीस मिनिटांनी, तिसरा झोपेतून उठून तासानं. मोटारी एकेक करून सुरू व्हायच्या. माणसाच्या आळसानं आणि अंतरानं डीपी वाचायचा! आता वीज आली की अकरा मोटारी एकाच क्षणी उठणार. सुमारे पाचशे अँपियर. दाब इतका पडतो की मोटारींना वेग घेता येत नाही, आणि वेग येत नाही तोवर त्या जास्तच वीज ओढत राहतात. अशा वेळी डीपीचा फ्यूज जायला हवा. पण सारखा जातो म्हणून कुणीतरी तिथे जाड तार घातली होती. माझ्यासारखीच.

मार्चमध्ये एका रात्री डीपी जळाला. दुसरा यायला नऊ दिवस गेले. उसानं कळ काढली. कांदा भरायला आला होता, त्यानं नाही काढली. त्या बाईंचा दीड एकर बसला. ज्यांनी डबा बसवला नव्हता, ज्या रोज अंधारात चालत जायच्या, त्यांचंच नुकसान सगळ्यांत मोठं झालं.

फोनवर दादा म्हणाला, "ताई, मी तर त्या रात्री झोपलो होतो गं. मी काहीच केलं नाही." मी त्याची समजूत घातली. पण रात्री मला झोप लागेना. आपल्याकडे कर्माचा हिशेब कसा मांडतात तुम्हाला ठाऊक आहेच. मनानं, वचनानं, कायेनं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि अनुमोदन दिलेलं. ठरवणं, तयारी करणं आणि प्रत्यक्ष करणं. आणि त्यांमागचे चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. जपमाळेच्या मण्यांचा अर्थ असाही सांगतात. त्यात झोपेत घडलेल्याला सूट असा मणी मला सापडेना. दादानं त्या रात्री बटण दाबलं नाही हे खरं. त्यानं ते सहा महिने आधीच दाबून ठेवलं होतं, आणि पैसे मी दिले होते.

महावितरणवाले शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलेत, ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. ते म्हणणं बरोबर आहे. पण गडी मण्यारीनं चावलेला ज्यानं पाहिला, त्याला नुसतं 'काढा' सांगून कसं चालेल? दादानं गावात बैठक बोलावली. अकराजणांनी वर्गणी काढून त्या बाईंना बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे दिले, त्यात मीही घातले. आणि एक ठराव केला. प्रत्येकाच्या डब्यात वेळ लावायची सोय करायची, आणि वेळ एकसारखी ठेवायची नाही. पहिल्याची मोटार एका मिनिटानं, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, असं पुढे. त्या बाईंच्या पेटीतही डबा बसवला आणि त्यांचा नंबर पहिला ठेवला. कॅपॅसिटर बसवले. डीपीची जाड तार काढली. त्यानंतर तो डीपी पुन्हा जळाला नाही.

पुढे आणखी एक वाट निघाली. पुण्याचे इंजिनियर संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र केलं. घरी बसून मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायची. मला ते पटलं. चालत जायला नको, पण बोट आपलंच, आणि वेळही आपली. सरकारनं २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. खरं औषध तेच. रात्री रानात जायची वेळच येऊ नये.

हा 'सगळे एकदम' प्रकार केवढा मोठा होऊ शकतो ते तुम्ही स्वतः पाहिलंय. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. देशभर हातांनीच बटणं बंद झाली, आणि विजेची मागणी सुमारे एकतीस हजार मेगावॉटनी उतरली. इंजिनियरांनी जलविद्युत केंद्रं आधीच तयार ठेवली होती. मागणी उतरली तशी ती भराभर उतरवली, दिवे लागले तशी चढवली, म्हणून काही झालं नाही. उलट ३० जुलै २०१२ ला मध्य प्रदेशातून उत्तरेकडे जाणाऱ्या एका लाइनीवर फार भार आला. तिथल्या आपोआपच्या खटक्यानं त्या भारालाच बिघाड समजून लाइन तोडली. मग एकामागून एक लाइनी तुटल्या आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही भाग गेले. आपला पश्चिमेचा भाग वेगळा झाला म्हणून टिकला. आणि पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर ते आपलं सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारत बाकी देशाच्या जाळ्याला जोडला गेला. सगळा देश एका जाळ्यात आला तो आपल्या सोलापुरातून! दादाच्या डीपीवर बारा मोटारी होत्या, या जाळ्यावर आपण सगळ्याजणी आहोत.

आता स्वाध्यायातल्या प्रश्नाकडे येते. हा प्रश्न आपल्यालाच पडलाय असं नाही. ज्यू लोक शब्बाथच्या दिवशी विजेचं बटण दाबत नाहीत. धार्मिक घरांत आदल्या दिवशी घड्याळाचं बटण लावून ठेवतात, दिवे ठरल्या वेळी आपोआप लागतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. घड्याळ लावताना 'उद्या काय लागेल' याचा विचार त्यांना आदल्या दिवशीच करावा लागतो. मला त्यातली ही जाणीव महत्त्वाची वाटते.

मैत्रिणीला मी असं सांगितलं. जिन्यातला दिवा तू आज लावला नाहीस, पण बसवायला हो म्हणालीस त्या दिवशी लावलास. त्यात मन खात बसू नकोस. म्हातारपणी अंधारात जिन्यावरून पडलीस तर त्यात कुणाचीच अहिंसा नाही. हवं तर मुलाला सांग, सामायिकाच्या वेळी तो दिवा बंद राहील असं एक साधं बटण शेजारी लावून दे. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे आपोआपच्या बटणालाही एक हाताचं बटण हवंच."

मी माझ्यापुरता नियम केला आहे. घरात जे जे आपोआप चालतं, त्याची वहीत यादी केली आहे. टाकीची मोटार, गीझर, इन्व्हर्टर, अंगणातला दिवा, ईएलसीबी. दर महिन्याच्या चतुर्दशीला ती वही काढते आणि एकेक तपासते. यत्नाचार म्हणजे पाहून पाऊल टाकणं, असं आपण म्हणतो. जी पावलं आपण आधीच टाकून ठेवली आहेत, तीही अधूनमधून मागे वळून पाहावीत.

गेल्या उन्हाळ्यात माहेरी गेले होते. त्या बाईंनी मला पिशवीभर कांदे दिले. आमच्याकडे कांदा चालत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी नाही म्हटलं नाही. वाटेत मोहोळच्या स्टँडवर एका भाजीवालीला देऊन आले. दादाला मात्र सांगितलं, यंदा त्यांचं पीक छान आलंय.